दवाखान्यातल्या माजी सैनिकांसमोर म्हातारे बुवा आणि शाहीर चालतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सिंधुदुर्गातले सात-आठ जण आहोत. दोन भजनी बुवा, दोन पखवाजवाले, रत्नागिरीकडून इकडे येऊन स्थायिक झालेले एक जाखडीचे (म्हणजे कोकणातल्या गाण्या-नाचाच्या खेळाचे) शाहीर, टाळ धरणारे दोघे आणि या सगळ्यांना गाडीत कोंबून नेणारा मी. दवाखान्यात दाखल असलेल्या माजी सैनिकांकडे जाऊन थोडं गातो आणि परत येतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. दुसऱ्या गावची भजनी मंडळं, सिस्टर, माजी सैनिकांची मुलं फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा लिहून ठेवले.

सत्तरीपुढचे कलावंत आजारी फौजींसमोर शोभतात का? त्यापेक्षा तरुण पोरं नेलेली बरी ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या मनात असतं ते असं: आधीच आजारी माणूस, त्याच्यापुढे खोकणारा, थरथरत्या हातांचा म्हातारा कशाला बसवायचा? काहीतरी उत्साहाचं, ताजंतवानं हवं.

आमचा अनुभव उलटा आहे, आणि त्याचं मुख्य कारण पट्टी, म्हणजे गाणारा कुठल्या उंचीचा सूर धरतो ते. कोकणातला भजनी बुवा भर उमेदीत पेटीच्या काळी चार, काळी पाचला, म्हणजे फार वरच्या सुरात गातो. देवळाच्या मंडपात, समोर चारशे माणसं असताना ते खुलतं. दवाखान्यात खाटेवर पडलेला माणूस त्या पट्टीत तोंडसुद्धा उघडू शकत नाही. आमच्या मोठ्या बुवांचा वरचा आवाज साठीनंतर गेला. आता ते काळी एकला गातात, कधी त्याहूनही खाली. मंडळातल्या पोरांना वाटतं बुवा संपले. पण त्याच पट्टीत तीन नंबरच्या खाटेवरचा सुभेदार गुणगुणायला लागतो, कारण त्याचाही आवाज तेवढाच उरलेला असतो.

दुसरं कारण दम. वीस मिनिटांनी बुवा थकतात आणि पाणी मागतात. सलाईन लावलेल्या माणसाची ऐकण्याची ताकदही साधारण तेवढीच. तरुण गायकाला तासभरानंतर कुठे रंग चढायला लागतो.

तिसरं म्हणजे ओळख. तरुण मुलगा वॉर्डात शिरला की त्याच्या तोंडावर ‘बिचारे’ उमटतं, आणि फौजी माणसाला ते लांबून दिसतं. आमच्या बुवांना साखर आहे, पखवाजवाल्यांच्या छातीवर बायपासचा व्रण आहे. पहिली दहा मिनिटं गाणं होतच नाही. इन्सुलिन किती युनिट, पायाला मुंग्या कधीपासून, मिठाशिवाय पेज कशी गिळता, हे चालतं. एकदा तर दोघेही आपापले गोळ्यांचे डबे उघडून बसले आणि सिस्टरला येऊन कुठली गोळी कुणाची ते निवडावं लागलं.

एक तरुण मात्र बरोबर असावाच. वाद्यं जिन्यावरून चढवणार कोण?

म्हणजे कुठलाही म्हातारा कलावंत चालतो?

नाही. डबलबारीत आयुष्य गेलेले बुवा जपून न्यावेत. डबलबारीत समोर दुसरा बुवा असतो, त्याच्यावर मात करायची असते, चिमटे काढायचे असतात आणि लोकांकडून टाळ्या घ्यायच्या असतात. चाळीस वर्षांची ती सवय वॉर्डाच्या दारात चप्पल काढल्यासारखी सुटत नाही. आमच्याबरोबर एकदा असेच एक नावाजलेले बुवा आले. समोर प्रतिस्पर्धी नाही, म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या निवृत्त हवालदारांनाच कोडं घातलं. हवालदार बिचारे मूत्रपिंडाच्या दुखण्याने आडवे. त्यांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं.

शक्ती-तुऱ्याचंही तसंच. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे सवाल-जवाब हा जीव असतो. पण इथे मला गप्प राहावं लागेल अशी एक गोष्टही घडली आहे. आमच्या शाहिरांनी नुसती चाल धरली आणि पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, “तुम्ही शक्तीवाले काय? आम्ही तुरेवाले.” खेड तालुक्यातले निवृत्त नाईक, पाय प्लास्टरमध्ये. पुढची पंधरा मिनिटं ते दोघे एकमेकांना सवाल टाकत होते, अर्धे आठवत होते, अर्धे जुळवत होते. म्हणजे सवाल पेशंटकडून आला तर चालतो. आपण घालायचा नाही.

कलावंत निवडताना मी एकच पाहतो: गाणं मध्येच तोडायला सांगितलं तर हा माणूस तोडेल का? डॉक्टर राउंडला आले, कुणाला उलटी झाली, कुणी झोपी गेलं, की त्याच ओळीवर थांबता आलं पाहिजे. ज्यांना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्याशिवाय राहवत नाही त्यांचा मला आदर आहे, पण त्यांना मी देवळातच ऐकतो.

कोकणात माजी सैनिक एकाच वॉर्डात भेटतात का?

बहुधा नाही. इथे पुस्तकातलं चित्र लागू पडत नाही. मोठी सैनिकी रुग्णालयं म्हणजे मुंबईत कुलाब्याचं नौदलाचं ‘अश्विनी’ किंवा पुण्याचं कमांड हॉस्पिटल. खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पॅराप्लेजिक केंद्र आहे, तिथे माणसं वर्षानुवर्षं राहतात. अशा ठिकाणी ‘फौजी श्रोते’ हा शब्द खरा ठरतो.

आपल्याकडे चित्र विखुरलेलं आहे. २००३ साली माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी होते आणि दाखल व्हायची वेळ आली की योजनेला जोडलेल्या खासगी दवाखान्यात पाठवतात. कुणी सरकारी जिल्हा रुग्णालयात जातो, कुणी थेट बेळगाव किंवा गोवा गाठतो. त्यामुळे वॉर्डात गेलं की एक फौजी खिडकीपाशी, दुसरा मजल्याच्या टोकाला, आणि मध्ये सर्पदंशाचा एक पेशंट, आंब्याच्या झाडावरून पडलेले दोघे आणि एक बाळंतिणीचा नवरा चुकून आलेला.

म्हणून गाणं फौजीसाठी असलं तरी ऐकणारा वॉर्ड सगळा आहे. परवानगी सगळ्यांची हवी. आम्ही आधी एकटे जाऊन प्रत्येक खाटेशी विचारतो. एकानेही नको म्हटलं तर फौजीच्या खाटेजवळ बसून फक्त बोलतो.

‘माजी सैनिक’ म्हणजे सगळे वयस्कर ना?

इथेच लोक फसतात. जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शनीवर येतो, म्हणजे पस्तीस-चाळिशीतच माजी सैनिक होतो. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला माणूस आता पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९९९ ला कारगिलमध्ये विशीत असलेला अजून पन्नाशीच्या आतबाहेर. पहिल्याला आमचे बुवा बरोबरीचे वाटतात, दुसऱ्याला वडिलांसारखे. दुसरा माणूस रूपाचा अभंग (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा) हात जोडून ऐकतो आणि मग हळूच विचारतो, “काका, पिक्चरचं एखादं येतं का?”

येत असेल तर म्हणावं. बुवांनी नाक मुरडू नये.

देशभक्तीची गाणी, पोवाडे म्हणावेत का?

विचारल्याशिवाय नको. यावर माझं मत जरा कडक आहे.

पाहुणे आले की फौजीपुढे देशभक्तीपर गाणं लावायचं, हा एक ठरून गेलेला रिवाज आहे. शाळेची मुलं आली तरी तेच, पुढारी आला तरी तेच. आमच्याकडच्या निवृत्त मंडळींनी ही गाणी कौतुकाने ऐकलेली आहेत, पण ती त्यांच्या आयुष्याचा एकच तुकडा आहेत. बंकरमधला माणूस संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर विविध भारतीची जयमाला ऐकायचा, आणि तिथून फर्माईश केली जायची ती बहुतेक वेळा प्रेमाच्या गाण्यांची. सुट्टीवर आला की नमन, दशावतार ही आपली लोकनाट्यं आणि भजन. त्याला काय आठवतंय ते त्यालाच विचारावं.

पोवाड्यात रणांगणाचं वर्णन असतं: मुंडकी, रक्त, तोफा. शाहिराचा आवाज चढला की ते अंगावर येतं. देवळात बसलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो तो वेगळा, आणि ज्याने खरोखर मित्राचा हात वेगळा पडलेला पाहिला त्याच्या अंगावर येतो तो वेगळा. दक्षिण रायगडात, खेड-मंडणगडात घरटी फौजी असलेल्या वाड्या आहेत. माणगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या भागातल्या पेशंटला हे सांगायला तुम्ही जाऊ नका. तो तुम्हाला सांगेल, आणि जास्त बरोबर सांगेल.

नौदलवाल्यांबाबत एक लक्षात ठेवा. ४ डिसेंबर हा नौदल दिन, १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याचा. त्या दिवशी हारतुरे असतात. पण पाचच दिवसांनी, ९ डिसेंबर १९७१ ला, आयएनएस खुकरी दीवजवळ बुडाली. मालवणकडच्या एका निवृत्त खलाशापुढे आम्ही डिसेंबरमध्ये, काही विचार न करता, होडीचं कोळीगीत धरलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. आम्ही दोन कडव्यांनी थांबलो, पण पहिल्याच कडव्याला थांबायला हवं होतं.

सुरुवात गणपतीच्या स्तवनाने करायची ना? आपल्याकडे तसंच असतं.

देवळात असतं. वॉर्डात आधी माणूस ओळखावा. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांची फौजेशी नाळ महार पलटणीची आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते आणि पेन्शनीवर आल्यावर दापोलीला राहिले. दापोलीला जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, कारण इंग्रजांच्या काळात तिथे फौजेची छावणी होती. आताची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. त्या घरातल्या पेशंटला भीमगीत हवं असतं, शाहिरी जलशाची चाल हवी असते. आमच्या शाहिरांना त्या चाली येतात, म्हणून आम्ही तरलो. नाहीतर गणपतीचं स्तवन म्हणून आम्ही स्वतःच्या भोळेपणावर खूश होऊन घरी आलो असतो. कोकणी मुसलमान खलाशीही भेटतात. एकाने आमच्या बुवांकडून गौळण मागून घेतली, कारण त्यांच्या वाडीशेजारी भजन चालायचं आणि ते लहानपणी खिडकीतून ऐकायचे. अंदाज बांधत बसू नका, विचारा.

आवाज किती असावा? माईक लागेल का?

माईक अजिबात नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री दहानंतर ४० डेसिबलची मर्यादा आहे. आपण दोघं साधं बोलतो तेच ६०च्या आसपास जातं. म्हणजे बोलण्यापेक्षा मोठं गाणं मुळातच बसत नाही. खाटेपासून हातभर अंतरावर, स्टुलावर बसून गायचं. उभ्याने गाऊ नये. पडलेल्या माणसाला उभ्या गायकाचं फक्त पोट दिसतं.

कानांचा विचार वेगळा करावा लागतो. तोफखान्यात, इंजिनरूममध्ये, फायरिंग रेंजवर उमेद घालवलेल्या माणसाचे कान वरच्या सुरांना आधी बहिरे होतात. वय वाढलं की तेच आणखी वाढतं. स, श, फ ही अक्षरं हरवतात, चाल मात्र पोहोचते. म्हणून शब्द सावकाश म्हणावेत. गंमत अशी की असा माणूस हळू आवाज ऐकू शकत नाही, पण आवाज थोडा चढला की त्याला तो एकदम असह्य होतो. त्याला जमेल अशी मधली जागा फार अरुंद असते. एका निवृत्त तोफचीने आमच्या बुवांना सांगितलं होतं, “बुवानू, वायच हळू. माजे कान तोफखान्यात ऱ्हवले.”

कुठली वाद्यं न्यावीत?

पेटी न्यावी, भाता हळू मारावा. झांज घरी ठेवावी. कानात यंत्र लावलेल्या माणसाला झांजेचा आवाज सुईसारखा टोचतो. ढोल-ताशा दवाखान्याच्या आवारातसुद्धा नको. अचानक झालेला मोठा आवाज ज्याला अजून युद्धात नेऊन सोडतो असा एखादा तरी माणूस त्या इमारतीत असतो, आणि तो कोण हे आपल्याला बाहेरून कळत नाही. शिमग्याचे दिवस, दिवाळीचे फटाके यांचा त्रास अशांना वेगळाच होतो.

पखवाजाबद्दल एक घरगुती अडचण. डाव्या पुडीला, म्हणजे चामड्याच्या तोंडाला, ओली कणीक लावतो ना आपण? थाप पडली की ती सुटून जमिनीवर पडते, दुसऱ्या दिवशी मुंग्या. एका दवाखान्यातल्या सिस्टरने आम्हाला त्या कणकेवरून जे ऐकवलं ते योग्यच होतं. तेव्हापासून वॉर्डात ढोलकी किंवा नुसता डग्गा नेतो, आणि बोटांनीच वाजवतो. वाद्यांच्या लाकडावर ओलं फडकं फिरवून आत न्यावीत. पुडीवर स्पिरिट मारू नये, शाई जाते.

जाखडीचे चाळ, म्हणजे पायातले घुंगरू, बांधायचेच नाहीत. शाहीर सवयीने पायाने ठेका देतात आणि घुंगरू नसले की हिरमुसतात. त्यांना सांगावं लागतं.

गजर घ्यावा का?

नाही. गजर चढत जातो, लय दुप्पट होते, सगळे टाळ्या पिटायला लागतात, तोच त्याचा अर्थ. ज्याच्या हाताला सुई आहे त्याला टाळी वाजवता येत नाही आणि वाजवावीशी वाटते. एकदा आम्ही हौसेने गजर धरला. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक निवृत्त सुभेदार पांघरुणाखाली पाय उचलायला लागले, परेडचा कदमताल. चेहऱ्यावर हसू. फिजिओथेरपीवाल्या ताई धावत आल्या. त्यांनी आम्हाला काय काय सुनावलं ते लिहीत नाही, पण पुढच्या वेळी आम्हाला पुन्हा येऊ दिलं ही त्यांची मेहरबानी.

विस्मरण झालेले, पक्षाघाताचे, कंपवाताचे पेशंट असतील तर?

इथे जुन्या कलावंताचा उपयोग सगळ्यात जास्त आहे, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

माणसाला आयुष्यभर घट्ट आठवतात ती बहुधा साधारण दहा ते तीस या वयात कानावर पडलेली गाणी. पंचाहत्तरीच्या कोकणी फौजीसाठी तो काळ म्हणजे साठ-सत्तरचं दशक. त्या काळातल्या चाली, आणि त्याच शब्दांत, आजच्या पंचविशीच्या गायकाकडे नसतात. त्याच्याकडे मोबाईलवर ऐकलेली सुधारलेली आवृत्ती असते. विस्मरणाच्या पेशंटमध्ये बाकी बरंच गेलं तरी गाण्याची आठवण बराच काळ टिकते, पण ती अगदी त्याच चालीची टिकते. चाल बदलली की कुलूप उघडत नाही.

एका खाटेवर आमचे बुवा एक जुना अभंग म्हणत होते. पेशंट सकाळपासून कुणाशी बोलले नव्हते. तिसऱ्या ओळीला त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “बुवा, शब्द चुकलो तुमचो.” बुवांनी त्यांचा शब्द घेतला, पुन्हा म्हटलं. पुढच्या कडव्याला पेशंटनी हात वर केला, “आता तुमी गप ऱ्हवा.” मग त्यांनीच म्हटलं, सगळं नाही, दीड कडवं. खरं सांगायचं तर शब्द बुवांचाच बरोबर होता, हे त्यांनी मला गाडीत बसल्यावर सांगितलं. तरुण गायकाने तो दुरुस्त करून दाखवला असता.

पक्षाघाताने बोलणं गेलेल्या काहींना बोलता येत नाही पण गाता येतं. डाव्या मेंदूला इजा झाली तरी चालीबरोबर शब्द बाहेर पडतात. यावर आधारलेली उपचारपद्धत अमेरिकेत १९७३ च्या सुमारास मांडली गेली. कंपवाताच्या माणसाला एकसारखा ठेका मिळाला की पाऊल मोकळं पडतं. मात्र हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचं काम. आमच्या डग्ग्यावर कुणाला चालवायला लावायचं नाही, एवढं आम्ही कदमतालाच्या प्रसंगातून शिकलो.

मग संगीताने रोग बरा होतो असं म्हणायचं का?

म्हणू नका. धसका कमी होतो, दुखणं थोडा वेळ मागे पडतं, झोप बरी लागते, इतपत ठीक. हाडं गाण्याने सांधत नाहीत आणि साखर अभंगाने उतरत नाही. संगीतोपचार हा वेगळा, शिकून करायचा व्यवसाय आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत गायक-वादक जायचे. त्यांचा परिणाम पाहून डॉक्टरांनी अशी प्रशिक्षित माणसं मागितली, १९४४ साली मिशिगनमध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला आणि १९५० मध्ये त्या लोकांची राष्ट्रीय संघटना झाली. म्हणजे या विषयाचा उगमच फौजींच्या खाटेशी आहे. पण आम्ही गायला जातो, उपचाराला नाही. कुणी ‘थेरपी’ म्हणालं की बुवा घाबरतात.

फौजी माणसाशी बोलायचं कसं?

हुद्दा आधी विचारून घ्यावा आणि तो लावावा. सुभेदार साहेब, हवालदार साहेब. ‘आजोबा’ म्हणू नये, निदान पहिल्या भेटीत. मराठा पलटणीतल्या माणसाला कुठली बटालियन ते विचारलं की तो उशीला टेकून बसतो. १७६८ पासूनची ‘जंगी पलटण’ असेल तर तिचं नाव तो स्वतःच घेईल. आमच्या पखवाजवाल्यांना त्यांच्या फौजी भावामुळे हे सगळं पाठ आहे. मला नाही, म्हणून मी गप्प बसतो.

लढाईच्या गोष्टी काढायला लावू नयेत. त्यांनी काढल्या तर ऐकाव्यात, मध्ये ‘बापरे’ करू नये.

कुणी रडायला लागलं तर? किंवा ‘निघा’ म्हणालं तर?

रडलं तर गाणं थांबवायचं, बसून राहायचं. पुढे म्हणू का, असं दोन-तीन मिनिटांनी विचारायचं. बुवा पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि दुसरीकडे बघतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

‘निघा’ म्हणालं तर निघायचं. कारण विचारायचं नाही.

बायका गायला आल्या तर चालेल का?

चालेल काय, याव्यातच. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर फौजीची बायको बसलेली असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तीही मनिऑर्डरीची वाट बघत सासरी राबली, मुंबईच्या चाकरमान्याच्या बायकोसारखीच. जात्यावरची ओवी म्हणणारी एखादी म्हातारी तिच्या शेजारी बसली तर खरा कार्यक्रम तिथे होतो. आमच्याकडे अशी एकच आजी होती, आता गुडघ्यांमुळे येत नाही.

केव्हा जावं?

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, ७ डिसेंबरचा ध्वजदिन, १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन, या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी हार, फळांच्या टोपल्या, फोटो सगळं असतंच. २७ जानेवारीला जा.

कलावंतांचा हंगामही बघावा लागतो. गणपतीत एकही बुवा मोकळा नसतो. दशावतारी मंडळी जत्रांचा हंगाम सुरू झाला की पावसापर्यंत रात्रभर नाटकं करतात, दिवसा त्यांना झोपू द्यावं. शिमग्यात नमन-खेळेवाले बाहेर. भातलावणीच्या दिवसांत चिखलातून कोण येणार? राहतो तो श्रावणाच्या आधीचा थोडा पाऊस आणि मार्गशीर्ष. पावसात दवाखाने तापाच्या, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) पेशंटनी भरलेले असतात, तेव्हा सिस्टरला फोन करूनच निघावं. वेळ दुपारची चार ते पाच. जेवणानंतरची झोप झालेली असते आणि भेटायला येणारे अजून आलेले नसतात.

कलावंताला सर्दी, ताप, जुलाब असेल तर घरी. अतिदक्षता विभागात जायचंच नाही.

मानधन द्यायचं का?

द्या. बुवा नको म्हणतील, तरी द्या. म्हाताऱ्या कलावंताला फुकट बोलवायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे आणि तिला सेवा हे नाव आहे. राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलावंतांच्या योजनेत पात्र माणसाला महिन्याला ५००० रुपये मिळतात, पण कागदपत्रं करून द्यायला घरात कुणी नसतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. वाहक मात्र पखवाजाकडे संशयाने बघतो. चहा-पाणी, रिक्षा आणि हातात एक पाकीट. पाकीट वॉर्डाबाहेर द्यावं, पेशंटसमोर नाही.

फोटो, रील?

नको. सुती गाऊनमध्ये, लघवीची पिशवी लटकलेल्या अवस्थेत कुठल्या हवालदाराला व्हॉट्सअॅपवर जायचं असेल?

पिंगुळीचे चित्रकथीवाले, कळसूत्रीवाले नेता येतील का?

उत्तम. चित्र पाहता येतं, कथा हळू चालते आणि ऐकू न येणाऱ्यालाही काही मिळतं. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, तेव्हापासून लोकांना ती नव्याने माहीत झाली. फक्त चित्र खाटेच्या उंचीला धरायला एक माणूस लागतो, आणि युद्धाचे प्रसंग आधी बघून बाजूला काढावे लागतात. रामायणात ते पुष्कळ.

शेवट भैरवीने करायचा का?

आम्ही करत नाही. भैरवी सुरू झाली की म्हाताऱ्या माणसाला कळतं आता उठायचं, आणि काहींना त्याहून जास्त कळतं. आम्ही एखाद्या साध्या अभंगाच्या मध्येच थांबतो. बुवा म्हणतात, उरलेलं पुढच्या खेपेला.

‘पुन्हा कधी येणार’ असं पेशंटने विचारलं तर?

तारीख सांगू नका, पाळली जात नाही. आम्ही एका निवृत्त नाईकांना पुढच्या मंगळवारी येतो म्हणालो होतो. गाडी बंद पडली, गुरुवारी गेलो. ते मंगळवारी दाढी करून बसले होते, असं सिस्टरने सांगितलं.

आमच्या मंडळात पेटी वाजवणारं कुणी नाही, मग जाऊ नये का?

जा. टाळांचे दोन जोड न्या, आणि त्यांना रुमाल गुंडाळा म्हणजे आवाज बसतो. एक जोड तुमच्यासाठी. दुसरा कुणीतरी खाटेवरून मागतोच.